सखुबाईंचं ‘बरं हाय’

मखमलाबादच्या सखुबाई फुलबाजारात झेंडूचा भाव करायला लागल्या की शेजारचे विक्रेते आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकत राहायचे. डॉक्टरांपुढे मात्र त्यांची वाचाच बसायची. उन्हाळ्यात ऐन बाजारात त्यांच्या छातीत एकाएकी धडधडलं, हातांना मुंग्या आल्या, आता आपण संपलो असं वाटलं. मग तसे झटके येतच राहिले. कार्डिओग्राम चांगला निघाला, पण बाजार सुटला तो सुटलाच. आता दसरा तोंडावर, मळा पिवळाधमक आणि मालकीण ओसरीवर. मुलगा ज्ञानेश माल न्यायचा आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला देऊन यायचा. सखुबाईंना झटक्यापेक्षा ते जास्त लागायचं.

सून भाग्यश्री घरूनच मेडिकल कोडिंग करायची. परदेशातल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल लिहिलेलं वाचायचं आणि आजाराला ठरलेला कोड द्यायचा. सून आजारांना नंबरप्लेट लावते, असं सखुबाई गल्लीत सांगायच्या. एकदा तिच्यासमोर अशाच एका बाईचे कागद आले. धडधड, घाम, मरणाची भीती, सगळं होतं, पण आजार म्हणून डॉक्टरांनी नुसतं ‘घाबरणं’ लिहिलेलं. हा पॅनिक डिसऑर्डर असावा, हे भाग्यश्रीला दिसत होतं. पण कोडरने मनाने आजार ठरवायचा नसतो. डॉक्टरांना विचारायचं, त्यांनी लिहिलं तरच कोड. तिने प्रश्न पाठवला आणि तिची नजर ओसरीकडे गेली. आपल्या घरातही डॉक्टरांपर्यंत सगळं पोचलंच नव्हतं की.

भाग्यश्रीबरोबर दवाखान्यात सखुबाई लग्नाला निघाल्यासारख्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. एवढ्या शिकलेल्या बाईपुढे रडगाणं काय गायचं, म्हणून डॉक्टर उज्वला मॅडमना त्यांनी नेहमीचंच सांगितलं. बरं हाय, जरा घाबरतं. मॅडम तेवढंच लिहायला लागल्या, तशी भाग्यश्री सासूच्या कानाशी वाकली.

“आई, समजा या मॅडम व्यापारी आहेत. तुमचा झेंडू कालचा आहे म्हणतायत.”

“कालचा?” सखुबाईंनी पदर खोचला.

मग झटका कसा चढतो, कसा उतरतो, बसल्या जागी कसा येतो, सगळं हातवाऱ्यांसकट निघालं. शेवटी आवाज उतरला. “झटका जातो हो मॅडम. पण उद्या परत येईल या भ्यानं मी बाजारच टाकला.”

मॅडमनी आधीचे रिपोर्ट पुन्हा पाहिले, आणखी बरंच विचारलं आणि सविस्तर लिहिलं. हृदय उत्तम, हा पॅनिक डिसऑर्डर. गोळ्या, श्वासाचा सराव, आणि बाजारात थोडं थोडं जायला लागा, म्हणाल्या.

परतताना सखुबाईंनी आपल्या आजाराचा नंबर विचारला. भाग्यश्रीने सांगितला, एफ एकेचाळीस पॉइंट शून्य.

“शून्य? जीव जायची पाळी आली आन् शून्य?” रिक्षावालाही हसला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सखुबाई बाजारात आपल्या जागेवर होत्या. गर्दी वाढली तशी धडधड आली. त्या क्रेटवर टेकल्या आणि शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास सोडत राहिल्या. भाग्यश्री नुसती शेजारी उभी राहिली. समोरचा व्यापारी निम्मा भाव बोलून बसला होता. तो वाकून म्हणाला, “मावशी, बरं हाय ना?”

“नाय,” सखुबाई म्हणाल्या, “धडधडतंय. पण भाव मी सांगितला तोच राहील.”