काळी फीत आणि बोळिंजची चावी

आई गेल्यावर मी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायचो ते देवाला माझा राग दिसावा म्हणून. तोंड मिटून उभा राहायचो. लिलीच्या आणि माझ्या लग्नाच्या सूचना चर्चमध्ये तीनपैकी दोन रविवार वाचून झाल्या होत्या. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी आई गेली. दुखवट्यामुळे लग्न वर्षभर पुढं गेलं. मी सव्वीस वर्षांचा, शाळेतला ग्रंथपाल. लग्नाआधी शरीरसंबंध नाही, हे वचन विशीपासून पाळत आलो होतो. त्याचं हे फळ? ज्यानं आई नेली, त्याचे नियम मी का पाळू?

बोळिंजला मित्राचा नवा फ्लॅट रिकामा होता. मी चावी मागून घेतली. लिली दोनदा नको म्हणाली.

"वर्ष काय, संपेल."

"वर्ष संपेल. आई येणार आहे का?"

शेवटी ती माझ्याबरोबर आली.

दुपार होती. शर्टाच्या खिशावर लावलेली दुखवट्याची काळी फीत मी रिक्षातच काढून खिशात कोंबली. पहिल्या मजल्याच्या जिन्यात एक म्हातारी भाजीवाली दम खात बसली होती. लाल लुगडं, गळ्यात क्रूस, पुढ्यात पाटी.

"पाटीला हात लाव रे बाबा, डोक्यावर घेते."

"थांबा जरा, आधी दार उघडतो," मी करवादलो आणि खिशातून चावी ओढली. तिच्याबरोबर फीतही निघाली आणि पाटीतल्या वांग्यांवर पडली.

म्हातारीनं ती उचलली. "कोन गेलं?"

"आई. पाच आठवडे झाले."

"आनि ही खिशात? आईची लाज वाटते काय?" मग लिलीकडं बघून म्हणाली, "ही सून ना? सुनेच्या हातचं खाऊन गेली का ती?"

"अजून लग्न नाही झालं, मावशी," लिली म्हणाली आणि रडू लागली.

म्हातारीनं माझ्या हातातल्या चावीकडं पाहिलं. आता ही ओरडून सगळी इमारत गोळा करणार, असं मला वाटलं. पण तिनं आईचं नाव विचारलं, पदर डोक्यावर घेतला आणि तिथंच जिन्यात आईसाठी नमो मरियाची प्रार्थना सुरू केली. उरलेली अर्धी प्रार्थना लिलीनं रडत पुरी केली. माझी कानशिलं संतापानं तापली होती, पण आता तो संताप माझ्यावरच होता. भांडण माझं देवाशी होतं आणि त्याला मारायला दगड म्हणून मी लिलीला उचललं होतं.

"आता लाव हात," म्हातारी म्हणाली. पाटी जड होती. तिच्यामागून आम्ही दोघंही खाली उतरलो. रस्त्यावर लिलीनं फीत पुन्हा माझ्या खिशावर लावली.

ती बाई कुणी देवदूत नव्हती. पुढं मी तिला नाक्यावर गिऱ्हाइकांशी भांडताना कितीदा पाहिलं. त्या दुपारी तिला त्याच जिन्यात कुणी बसवलं, हे मी विचारत नाही. आभार मात्र मानतो. मोह गेला नाही, रागही गेला नाही. दोन्ही घेऊन मिस्सेला जात राहिलो, फक्त देवाशी धरलेला अबोला सोडला. मनातल्या मनात देवाला वाट्टेल ते बोललो. शरण जायला आधी राग संपावा लागतो, असं मला वाटायचं. तसं नसतं.

वर्षानंतर सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचल्या गेल्या. तिसऱ्या रविवारी मी तोच शर्ट घातला होता. फीत नव्हती, पिनेची बारीक भोकं तेवढी होती. आमची नावं वाचून झाली. शेवटच्या प्रार्थनेला मी, वर्षभरात पहिल्यांदाच, मोठ्यानं आमेन म्हणालो.