साडूंचं लेबल

विक्रेत्याला आपल्याच धंद्याचा वीट आणायचा असेल, तर माझ्या साडूंना त्याच्या दुकानात नुसतं नेऊन सोडावं. साधी छत्री घ्यायची तरी हे गृहस्थ दुकानदाराला नळाखाली उभं करतील. अशा माणसाला लेबल लावायचं यंत्र निवडायची वेळ आली आणि माझ्या रविवारांचं वाटोळं झालं. यंत्रांमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझ्या गाडीची डिकी मोठी होती.

नवीन पनवेलला त्यांचं मोठं स्वयंपाकघर आहे. तिथून आसपासच्या कंपन्यांच्या कँटीनला रोज जेवण जातं. झाकणाचे प्लास्टिकचे ट्रे, ते क्रेटमध्ये रचलेले, आणि संध्याकाळी सगळं रिकामं होऊन परत. रोज नवा पदार्थ म्हणून रोज नवं लेबल, आणि कालचं खरवडून काढायचं. हे काम काही बायका हाताने करत. त्यांच्यातल्या थोरल्या म्हणजे उरणकडच्या एक कोळीण मावशी, स्वयंपाकघर सुरू झालं त्या दिवसापासूनच्या. एकदा एका ट्रेवर कालचं ‘साबुदाणा खिचडी’ तसंच राहिलं आणि आत कोंबडीचा रस्सा गेला. नेमकी एकादशी! उपासाच्या बाईंनी झाकण उघडलं, आणि त्या कंपनीने कळवलं, यंत्र बसवा नाहीतर कंत्राट विसरा.

दुसऱ्या कुणी आठवड्याभरात यंत्र आणलं असतं. साडूंनी आधी नमुन्याची लेबलं आणून माझ्या घरात चिकटवली. “भाऊजी, माझ्या जिऱ्याच्या डब्यावर ‘पनीर मसाला’ का?” बायकोने विचारलं. “राहू दे गं, निघतंय का बघायचंय,” म्हणाले. ते अजून निघालेलं नाही. मग दर रविवारी डिकीत एक तेलकट ट्रे टाकून आम्ही यंत्रं बघत हिंडू लागलो. गाडीला कायमचा आमटीचा वास लागला.

तळोज्याच्या एका गारेगार शोरूममध्ये टाय लावलेला मुलगा उत्साहाने सांगत होता, “सर, एकदा लागलं की जन्मात निघणार नाही!”

“माझ्या ट्रेचं लग्न लावताय का?” साडू म्हणाले. “मला संध्याकाळी निघायला हवं. गरम पाणी आणा.”

बिचाऱ्याने शेवटी चहासाठी ठेवलेलं आधण आणलं. ते ट्रेवर ओतलं गेलं, लेबल निघालं नाही, आणि आम्हाला चहाही मिळाला नाही. निघताना साडूंनी नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, “याने बायका किती कमी होतील?”

“सगळ्या, सर!” मुलगा अभिमानाने म्हणाला.

“चला,” म्हणून साडू उठलेच. गाडीत मात्र माझा तोल गेला. “अहो, यंत्र घ्यायचंय की लोकांच्या परीक्षा? कंत्राट जाईल तेव्हा काय कराल?”

त्यांनी खिडकीची काच खाली केली. “घ्यायचंय हो. पण त्या मावशींना काय सांगू?”



कंपनीचा शेवटचा इशारा आल्यावर त्यांनी एकदाचं यंत्र घेतलं. लेबल सरळ लागायचं, गरम पाण्यात अलगद सुटायचं. कंत्राट वाचलं. बाकीच्या बायकांना त्यांनी पोळ्यांवर घेतलं, पण मावशींना शेगडीची धग सोसेना. एक दिवस त्या आल्याच नाहीत. साडू मला घेऊन त्यांच्या घरी गेले आणि दारातच बोलू लागले, दुसरं हलकं काम आहे, भाजी निवडायला बसा, काहीही करा.

मावशींनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. “शेट, तुमी माज्यासाठी लय दिस थांबलाव,” त्या म्हणाल्या. “आता बास. माजं गुडगं नाय ऐकत. उभ्यानं सगला जनम गेला.”

त्यांनी निघताना सुक्या जवळ्याची पिशवी हातात ठेवली. परतताना उलव्याच्या अर्धवट इमारतींमधून साडू फार सावकाश गाडी चालवत होते. मी पहिल्यांदाच त्यांना घाई करायला सांगितलं नाही.

“इतकी वर्षं त्या उभ्या राहून लेबलं लावत होत्या,” ते म्हणाले. “एक खुर्ची द्यायचं माझ्या डोक्यात कसं आलं नाही हो?”