धाकट्या पातीची शेगडी

"पट्टी आम्ही भरायची आणि मलम तुमच्या गुडघ्याला?" दत्तोपंत कारकून सडकेच्या त्या अंगाने ओरडले.

"खरूज काय पाती विचारून येते?" इकडून किराणावाले बळवंतराव.

"मग तुमच्या पातीत खाजवा, बळवंतराव भिया!"

मालन सुईण डोक्यावर हंडा घेऊन ऐकत उभी राहिली. देवास गाव एक, पण राज्यं दोन. सडकेच्या अलीकडे धाकटी पाती, पलीकडे थोरली. थोरलीने दवाखाना काढला, त्यासाठी घरटी पट्टी बसवली आणि धाकटीच्या लोकांना फुकट औषध द्यावं की नाही, यावर सडकेच्या मधोमध रोज जुंपू लागली. मालनच्या कानात त्यातला एकच शब्द अडकला. नर्सबाई.

नर्सबाई म्हणजे इंदूरहून आलेल्या उमाबाई. बसायला खुर्ची, धुवायला साबण. मूल होवो न होवो, पगार चालू! मालनला मात्र बाळ रडलं तरच लुगडं. मालन पाण्याला जायची ती मुद्दाम दवाखान्यावरून, आणि घरी येऊन हंडा असा आदळायची की शेजारीण विचारायची, "आज पण खुर्चीवर होती वाटतं?"

त्यात मालनची लेक सुमंगला दिली थोरल्या पातीत. दिवस भरत आले तसे मालनने ओवा, बाळंतशोपा, जुनी मऊ धोतरं सगळं बांधून ठेवलं. सुमंगलाची सासू भवानीबाई म्हणाली, "विहीणबाई, राग मानू नका. पट्टी भरतो आम्ही. नर्सबाईच येतील."

आपल्याच लेकीचं बाळंतपण, आणि हात दुसरीचा! मालनचा जळफळाट झाला. कळा सुरू झाल्या त्या सकाळी ती ओसरीवर शेगडी घेऊन बसली आणि सगळा राग निखाऱ्यांवर फुंकत राहिली. आत बाळ रडलं. ती धडपडत उठली, शेगडी उचलायला गेली आणि धरली ती तापलेली कड.

उमाबाई बाहेर आल्या. "अगंबाई! हात बघू. पट्टी लावते."

मालनने हात पदराआड लपवला. "मी धाकट्या पातीची. मला नाही कुणी पट्टी लावायची."

"मावशी, ही कापडाची पट्टी!"

आत भवानीबाई हसली, बाळंतीणसुद्धा हसली. मालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उमाबाईंनी तेवढ्यात हात ओढून घेतला, मलम चोपडलं, गाठ मारली. गाठ छान बसली होती, याचाच मालनला जास्त राग आला.

"बाळाला शेक कोण देणार?" ती गुरगुरली.

"शेक माझ्या कामात बसत नाही. तो तुमचा."

"माझाच आहे," मालन म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून तसाच पायंडा पडला. बाळंतपण कुणाकडूनही होवो, शेक मालनचा. दोन्ही पातींची बाळं तिच्या शेगडीवर शेकून निघाली. मत्सर काही गेला नाही. उमाबाईंचे केस पिकले, तरी मालनला ते आपल्याहून काळेच वाटत.

आयुष्याच्या अगदी शेवटच्या सकाळीही ती दत्तोपंतांच्या नातसुनेकडे शेगडी घेऊन निघाली. सडकेच्या मधोमध दम घ्यायला थांबली, शेगडी दुसऱ्या हातात घेतली, दवाखान्याच्या खिडकीकडे मान वळवली.

"काय नर्सबाई, बसलात का खुर्चीवर?"

"बसले हो, मावशी!"

"बसा, बसा. पगार चालू आहे ना?" म्हणत ती पदर खोचून थोरल्या पातीत शिरली.