कुंदाच्या घरचा जर्मन सडवा

वर्ध्याहून केळझरकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, आणि त्या आनंदात मी शेजारच्या बाईंशी नको तितकं बोलले. पुण्याहून रात्रभर रेल्वेचा प्रवास झाला होता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, सोयाबीन निघालेली मोकळी रानं होती, मधूनच फुटलेल्या कापसाचा एखादा पांढरा तुकडा दिसत होता. माझ्या पिशवीत शहाजिरं, यीस्टची पुडी आणि जाडं मीठ होतं. कुंदा म्हणजे माझी नागपूरच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. तिची मुलगी पल्लवी म्युनिकच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पोरगी दोन वर्षांत घरी आलेली नाही आणि या दिवाळीलाही येणार नव्हती. "ते तिकडे काय खाते, ते मले एकदा चाखाचं हाय," असं कुंदा फोनवर म्हणाली. मी तीन वर्षं म्युनिकमध्ये राहिलेली, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

शेजारच्या बाई शेंगा सोलत होत्या. त्यांचं नाव लीलाबाई. त्या कुंदाच्याच गावच्या निघाल्या.

"कुंदाताईकडे काऊन चालल्या?" त्यांनी विचारलं.

"स्वयंपाक करायला. जर्मनीत या दिवसांत बिअरची मोठी जत्रा भरते. त्या जत्रेतले पदार्थ करणार आहोत."

लीलाबाईंचा शेंग सोलणारा हात थांबला. "बिअरची?"

"हो. कुंदानं तीन आठवड्यांपूर्वीच कोबी आंबत घातलाय. बरणीभर. आता मस्त फसफसत असेल!"

त्यानंतर आम्ही उतरेपर्यंत लीलाबाई पुढच्या सीटकडे बघत राहिल्या. त्यांना गाडी लागत असेल, असं मला वाटलं.

फाट्यावर कुंदाचे यजमान दिवाकरराव मोटारसायकल घेऊन उभे होते. हा माणूस दिवसातून मोजकी वाक्यं बोलतो आणि त्यातली निम्मी दुसऱ्याला अडचणीत आणायला वापरतो. "या ताई," ते म्हणाले, "तुमच्या बरणीपायी मी तीन आठवडे ओसरीत झोपून राह्यलो."

अतिशयोक्ती नव्हती. दारातच वास आला. शेतातल्या पहिल्या तोडणीची पत्तागोबी कुंदानं बारीक चिरून, मीठ चोळून, वर धुतलेला दगड ठेवून बरणीत दडपली होती. झाऊअरक्राऊट म्हणजे एवढंच: कोबी, मीठ आणि वाट पाहणं. मी झाकण काढलं. कडेनं बुडबुडे येत होते. चव घेतली, तर थेट म्युनिकच्या बाजारात जाऊन उभी राहिले.

"बरोबर हाय का?" कुंदानं काळजीनं विचारलं.

"अगदी बरोबर."

"मंग तिकडचे लोक फार सोसतात बापा," ती म्हणाली.

दुसरा दिवस रविवार. दुपारी चार वाजता पल्लवीचा व्हिडिओ कॉल यायचा होता, तोवर सगळं तयार हवं होतं. सकाळी ब्रेत्सेलचं पीठ भिजवलं. ब्रेत्सेल म्हणजे गाठ मारलेला पाव. तो भाजण्याआधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवतात. माझ्या गाठी लहान मुलाच्या बुटाच्या नाडीसारख्या झाल्या. कुंदानं एकदा पाहिलं आणि गाय बांधायच्या सफाईनं पटापट दहा गाठी मारल्या. आता भट्टी कुठून आणायची? मी केळझरला बेकरी आहे का, असं विचारायला लागले, तेव्हा दिवाकररावांनी अंगणात गोवऱ्या रचायला सुरुवात केली होती. आपल्याकडे रोडगे (कणकेचे जाड गोळे) ज्या निखाऱ्यांत भाजतात, त्यातच हे भाजायचे ठरले. ब्रेत्सेल पळसाच्या पानांत गुंडाळून आत सरकवले. निघाले तेव्हा एक बाजू करपली होती, दुसरी सोनेरी होती, आणि वास असा होता की कोणत्याही जर्मन माणसानं टोपी काढावी.

मग आलूची डाची. बव्हेरियात तिला राइबरडाची म्हणतात: किसलेला बटाटा पिळून घ्यायचा, कांदा-मीठ घालून तव्यावर थापायचा. अंड्याच्या जागी आम्ही बेसन घातलं. कुंदानं माझी पाठ वळताच त्यात सांभार (कोथिंबीर) आणि हिरवी मिरची टाकली. विचारलं, तर म्हणाली, "पल्लवीले आवडते."

साडेतीनला फाटक वाजलं. सहा बायका आत आल्या. सगळ्यात पुढे लीलाबाई.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मलाही नीट ठाऊक नव्हती. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती सरकारी कागदावरून गावात उतरवायचं काम इथल्या बायका करतात. ज्या घरात सडवा (दारू गाळण्यासाठी आंबवलेला मोह) सापडेल, तिथे जाऊन तो उकिरड्यावर ओतायचा आणि मडकं फोडायचं. कोणाचंही घर सुटणार नाही, हा नियम महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी केलेला. आणि अध्यक्षीणबाई म्हणजे कुंदा.

"ताई, वाईट नका मानू," लीलाबाई म्हणाल्या. "या पाहुण्याबाईनंच बसमंदी सांगतलं. बिअर म्हनते, सडवलं म्हनते, फसफसून राह्यलं म्हनते. मी रातभर इचार केला. दुसऱ्याचं मडकं फोडतो, मंग तुमचं काऊन नाई?"

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. तिशी ओलांडलेल्या मैत्रीत तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. "अहो, लोणचं आहे ते! कोबीचं लोणचं!" मी म्हणाले. पण घाबरलेला माणूस खरं बोलला तरी खोटंच वाटतं.

त्यात दिवाकरराव ओसरीतून म्हणाले, "जर्मन सडवा हाय तो. मी रोज एक वाटी घेतो. झोप चांगली लागते."

"तुम्ही तोंड बंद ठेवा!" कुंदा ओरडली. मग पदर खोचून तिनं स्वतःच बरणी उचलली आणि अंगणात आणून ठेवली. "पाहा. नियम मीच केला. दारू निघाली तर उकिरड्यावर मीच ओततो, आन् अध्यक्षपद बी आजच सोडतो."

झाकण निघालं. बुडबुडा फुटला. सहा पदर एकदम नाकाला गेले.

"सडवाच हाय," एकजण म्हणाली. "वास नाई आला का?"

"वास तर लोनच्याचा बी येते," दुसरी म्हणाली.

"चाखून पाहा," मी म्हणाले. कोणी पुढे झालं नाही. दारूचं बोट जिभेला लावायला कोण धजणार? आणि लावलं, तरी ही दारूच आहे की नाही, हे ओळखणार कोण? जन्मात तिची चव घेतलेली बाई त्यांच्यात असणं म्हणजे मंडळाचीच शोभा.

तेव्हा मागून गोदाबाई पुढे आल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, हातात काठी. आतापर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"इकडे आना ते," त्या म्हणाल्या. "माह्या मालकाची भट्टी व्हती. वीस वर्सं सडवा म्याच ढवळला. नाई ढवळला तर मार खाल्ला. मले समजते."

लीलाबाईंनी नजर खाली घातली. गावात हे सर्वांना माहीत असावं, पण गोदाबाईंच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच निघत होतं. त्या उकिडव्या बसल्या, चिमूटभर कोबी तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. कुंदाचा हात माझ्या हातात कधी आला, मला कळलं नाही.

गोदाबाईंनी गिळलं, ओठ पुसले.

"दारू नाई," त्या म्हणाल्या. "पन मीठ लई झालं."

आधी लीलाबाई हसल्या, मग रडल्या, मग कुंदाच्या गळ्यात पडल्या. "माफ करजो ताई." कुंदा म्हणाली, "माफी कायची? तू नसती आली तर मी तुले मंडळातून काढलं असतं." मग तिनं डाचीचा तवा पुन्हा चुलीवर ठेवला आणि सगळ्यांना बसवलं. करपलेले ब्रेत्सेलसुद्धा संपले. कोबीला मात्र गोदाबाईंखेरीज कोणी हात लावला नाही.

बरोबर चारला फोन वाजला. पल्लवीला पडद्यावर काय दिसलं असेल? अंगणभर बायका, लाल डोळे, मधोमध तिची आई.

"आई! कोन गेलं?" ती किंचाळली.

सगळं सांगेपर्यंत पाच मिनिटं गेली. पोरगी पोट धरून हसली. मग कुंदानं अभिमानानं बरणी कॅमेऱ्यासमोर धरली.

"आई, मी ते खातच नाई. मले वास सहन होत नाई."

"मंग मी तीन आठवडे कोनासाठी नाक दाबून बसलो व?"

"पन ते डाची दाखव. ते मी हर जत्रेत खातो. तू त्यात सांभार टाकला?" एवढं विचारून तिनं चेहरा पडद्याजवळ आणला. कुंदानं डाचीचा तुकडा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेला आणि तिथेच धरून ठेवला. बाकीच्या बायका भिंतीकडे बघू लागल्या.

सोमवारी सकाळी मी फाट्यावर बसची वाट पाहत होते. गोदाबाई काठी टेकत आल्या आणि माझ्याशेजारी दगडावर बसल्या.

"एक इचारू का बाई? तिकडे दारूची जत्रा भरते म्हनता. मंग तिथल्या बायांचं मंडळ हाय का?"

मी सांगितलं, तिथं लोक मजेनं पितात, गाणी म्हणतात, कुटुंबं एकत्र येतात. सगळं खरंच होतं.

"हौ," त्या म्हणाल्या. "पन जत्रा सरल्यावर घरी जातात ना?"

"जातात."

"मंग?"

बस आली, म्हणून सुटले.

वर्ध्याला गाडीत बसल्यावर मला म्युनिकमधली खालच्या मजल्यावरची शेजारीण आठवली. त्या जत्रेच्या दिवसांत ती बऱ्याचदा संध्याकाळी स्वतःच्या बंद दाराबाहेर, जिन्यात बसलेली असे. मांडीवर मुलीचं जाकीट, आतून जत्रेहून परतलेल्या नवऱ्याचा आरडाओरडा. मी हसून "शुभ संध्याकाळ" म्हणत असे, तीही म्हणत असे, आणि मी तिला ओलांडून वर जात असे. तीन वर्षं. माझं जर्मन तेव्हा फार चांगलं होतं. पुढचा प्रश्न विचारण्याइतकं तर नक्कीच होतं.