दुसरं पोतं

"आज येकच घालू." आमच्या शाळेचे शिपाईमामा रोज सकाळी हेच म्हणायचे आणि बारा सूर्यनमस्कार घालायचे.

लढाईचे दिवस होते, रॉकेल रेशनवर मिळायचं. तिसगावच्या शाळेत मी नवा मास्तर, शाळेतल्याच एका खोलीत राहायचो. मला दमा. खळ्यांवर बाजरीची मळणी सुरू होऊन भुसा उडायला लागला की छातीत लोहाराचा भाता चालू! हेडमास्तरांनी एकदा स्पष्टच सांगितलं, "दिपोटीसाहेब तपासणीला येतील तेव्हा वर्गात तुमचा आवाज निघाला पाहिजे. नाही निघाला तर मी तरी काय करणार?" म्हणजे नोकरी गेल्यात जमा.

मामांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर दोन पोती अंथरलेली.

"हे दुसरं कुणाचं?"

"तुमचं, गुर्जी."

"अहो मामा, मला दमा आहे!"

"म्हनून तर. येकच घालू. श्वास सोडताना घाई न्हाई करायची."

एक घातला आणि धापा टाकत उभा राहिलो. मामा म्हणाले, "आता हुबंच हाय तर आनखी येक." असा लबाड माणूस! चार दिवसांत मला तीनवर आणलं. पाचव्या दिवशी मी उठलोच नाही. सहाव्या दिवशी पाचव्याची लाज वाटली, म्हणून उठलो नाही. तुम्हीही कधी नेम सोडला असेल तर तुम्हांला ठाऊक आहे, पहिला दिवस तेवढा आळसाचा असतो.

खिडकीतून मात्र बघत राहायचो. पोती रोज दोन. मामा आपले बारा घालायचे, मग माझं कोरं पोतं झटकून घडी करून ठेवायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आणि एक कुतूहल छळत होतं. दर नमस्काराला मामा काहीतरी पुटपुटायचे. सूर्याची बारा नावं मला तोंडपाठ. ही काही ती वाटत नव्हती. एके सकाळी राहवेना, तेव्हा दाराआड उभा राहून कान लावला. "मित्राय नमः, रवये नमः, सूर्याय नमः" इथवर ठीक. पुढे "सुताराची गंगू, नमः. पाटलाचा म्हातारा, नमः."

मी बाहेरच आलो. "मामा, ही कसली हो नावं?"

"पुढची येत न्हाईत आपल्याला. मंग ज्याला आज हुबं ऱ्हाता येत न्हाई, त्येचं घेतो. हिवतापानं लई पडल्यात गावात."

"आणि बारावं कुणाचं?"

मामा पोत्याची सुतळी ओढत बसले. "तुमचं. नऊ दिस झालं."

मला हसू आलं आणि रडूही. मी मुकाट्यानं माझ्या पोत्यावर उभा राहिलो.

पुढे एकदा विचारलं, "मामा, तुमचा नेम कधी मोडलाच नाही?"

"मोडला की! लई येळा मोडला. मोडला तर मोडला. पोतं हातरायचं तेवढं सोडू न्हाई."

दिपोटी आले तेव्हा भुसा उडतच होता. मी कविता म्हणायला घेतली. मध्ये एकदा थांबलो, श्वास सावकाश सोडला आणि शेवटपर्यंत म्हटली. दाराशी मामा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. नोकरी राहिली.

दोन वर्षांनी मामांना अर्धांगवायू झाला. भेटायला गेलो तर जीभ जड झालेली. त्यांनी कसंबसं विचारलं, "पोतं?"

"दोन्ही अंथरली, मामा. अकरा माझे. बारावा तुमच्या नावानं."

त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्याच वर्षी पौषात मामा गेले. मला अजून बाराही नावं येतात. पण ज्याला उभं राहता येत नाही त्याचं नाव घ्यायचं, हा त्यांचाच नियम. बारावं नाव त्यांचं आहे.