डब्याच्या झाकणावरचं कुंकू

माझ्यासारख्या सातवीतून शाळा सुटलेल्या कोकणातल्या बाईला परभणीच्या डॉक्टरांनी आपल्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला ठेवलं, याचं मला इतकं अप्रूप की दसऱ्याला मी नव्या मशीनची मनोभावे पूजा केली. रक्तातल्या पेशी मोजणारं ते मशीन शेजारच्या डब्यातून नळीनं खारं पाणी ओढायचं. डब्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याही झाकणावर मधोमध ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला.

दुसऱ्या दिवशी मशीन वाटेल ते आकडे दाखवू लागलं.

"हवा धरायलंय," टेक्निशियन म्हणाला. त्यानं नळ्या सोडल्या, जोडल्या, पंप उघडला. डॉक्टरांनी मुंबईला मशीनच्या कंपनीसाठी ट्रंककॉल नोंदवला. "पूजेनंतर बिघडलं, म्हणजे लय पावलं म्हणायचं," ते म्हणाले. माझी नोकरी गेलीच, असं मी धरून चालले.

तेवढ्यात डब्याकडे लक्ष गेलं. त्याचं पोट आत ओढलं गेलं होतं. घरी रॉकेलच्या डब्याला आम्ही दोन भोकं पाडायचो, एक तेलाला, एक हवेला. इथलं झाकणावरचं हवेचं भोक माझ्या टिळ्यानं बुजलं होतं! गुपचूप पुसलं असतं, पण दोघंही समोरच उभे होते. मी सांगून टाकलं आणि टाचणीनं कुंकू टोकरलं. डबा सुस्कारा टाकून फुगला आणि मशीनचे आकडे ताळ्यावर आले.

डॉक्टरांनी ट्रंककॉल रद्द केला. "ताई, पुढच्या दसऱ्याला टिळा माझ्या कपाळाला लावा. तिथं भोक न्हाई."

नोकरी राहिली. टिळा मात्र मी त्यांनाही कधी लावला नाही. कपाळाचा भरवसा कोणी द्यावा?