बायकांच्या माळाचा ठराव

चऱ्होलीच्या शाळेत मी चौथी पास झाले, एवढ्याच कारणानं पुढं सासरी ग्रामपंचायतीची मेंबर झाले. पंचायतीत बायका घ्यायच्या असा नवा कायदा आला होता आणि आमच्या खालच्या आळीच्या वॉर्डात सही करू शकेल अशी दुसरी सून नव्हती. थोरले भावजी सरपंच होते. त्यांनी ओट्यावरूनच आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं, "आपल्याच घरातली करू. ती बोलायची तर न्हाईच." ते खरंच होतं. चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. मला मात्र कुणी विचारलं नाही.

सभा चावडीवर व्हायची. आमच्या गावात सून चावडीवरून जाताना पायातलं हातात घेऊन, पदर ओढून जायची. वर चढून बसणं दूरच. म्हणून सभा झाली की पंचायतीचा शिपाई ठरावाचं पुस्तक घेऊन अंगणात यायचा. "वैनी, सही हाय." आत्याबाई पुस्तक आत आणायच्या, बोट ठेवायच्या, तिथं मी सही करायची. पहिल्या वेळी मी वरचा मजकूर वाचायला लागले, तर म्हणाल्या, "वाचतीस काय? घरच्या माणसावर इस्वास न्हाई व्हय?" त्यानंतर मी वाचलं नाही. आज लिहितानाही संताप येतो, आणि त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

आळीतल्या बायका मला मेंबरीण म्हणून चिडवायच्या. त्यांचं मागणं एकच होतं. आळीच्या मागं एक माळ होता, कडेनं पुरुषभर उंच निवडुंग. पहाटे आणि दिवेलागणीला सगळ्या बायका परसाकडे तिथंच जायच्या. गावाजवळ कंपनी आल्यापासून साताऱ्याकडची, मराठवाड्यातली बिऱ्हाडं आळीत भाड्यानं राहत होती, त्यांच्या बायकाही तिथंच. तो आडोसा राहावा, जमलं तर एका बाजूनं भिंत व्हावी, एवढंच. मी प्रत्येकीला "सांगते" म्हणायची. कुणाला सांगणार होते?

एका सकाळी कोयते घेऊन माणसं आली आणि दुपारपर्यंत निवडुंग आडवा झाला. संध्याकाळी बायका आमच्या परड्यात जमल्या. साताऱ्याकडची एक म्हणाली, "मेंबरीणबाई, तुमच्या वॉर्डात काय चाललंय ते तुमालाच ठावं न्हाई?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "तिला काय ईचारती? ती मुकी मेंबर हाय."

सगळ्या हसल्या. लाजेनं मीही हसले.

दोन दिवसांनी शिपाई सहीला आला. मी म्हटलं, "पुस्तक राहू द्या, सकाळी न्या." तो गेल्यावर मागची पानं उलटली. माळ कंपनीच्या ट्रकच्या रस्त्याला द्यावा, सर्व मेंबर हजर, एकमतानं मंजूर. खाली माझी सही. सहीशेजारी पुरणाच्या डाळीचा पिवळा डाग, माझ्याच बोटाचा.

भावजी जेवायला बसले तेव्हा मी दाराआड उभी राहिले. थोरल्या दिराशी सून थेट बोलत नसे, मधे आत्याबाई लागायच्या.

"आत्याबाई, भावजींना इचारा, बायकांनी आता कुठं जायचं?"

आत्याबाईंनी तोंड उघडायच्या आत भावजी म्हणाले, "तिला म्हणावं, वढ्यापल्याड लई जागा हाय."

"तिथं आडोसा न्हाई म्हणावं."

"तिला म्हणावं, रस्ता झाला की आळीतल्या पोरांना कंपनीत घेत्याल. ते नको का?"

"पायजे म्हणावं. पर भिंत तरी घाला."

"आई, भाकरी वाढ."

आत्याबाईही त्याच माळावर जायच्या. त्यांनी भाकरी वाढली. आमच्या ह्यांना रात्री सांगितलं, तर ते म्हणाले, "दादापुढं मी काय बोलू?" आणि कूस बदलली.

सकाळी मी पुस्तक उघडलं. नव्या पानावर पहिलंच वाक्य होतं, मागील सभेचं काम वाचून कायम केलं. मी सहीच्या जागी लिहिलं, मी सभेला नव्हते, माळाचा ठराव मला मान्य नाही. मग सही केली. शिपायानं ते दारातच वाचलं.

"वैनी, पुस्तकात असलं कुनी लिव्हत न्हाई वो."

"मी लिव्हलंय."

आता मला बोलावतील असं वाटलं. काय सांगायचं ती चार वाक्यं मी भाकऱ्या थापता थापता पाठ केली होती. कुणी बोलावलं नाही. भावजी एका शब्दानं रागावलेसुद्धा नाहीत. पुस्तक घरी यायचं तेवढं बंद झालं. मुदत संपेपर्यंत मी मेंबरच होते, आणि शिपाई सांगायचा, दर सभेला सर्व मेंबर हजर असंच लिहिलं जातं.

रस्ता झाला. आम्ही ओढ्यापलीकडं जाऊ लागलो. दोघींनी जुनं लुगडं ताणून धरायचं, बाकीच्यांनी त्याच्या आड बसायचं, मग पाळी बदलायची. ट्रक उजाडायच्या आधीच सुरू व्हायचे आणि त्यांचे दिवे थेट लुगड्यावर यायचे. एकदा माझी पाळी होती, हात भरून आले आणि टोक खाली गेलं.

"ए मेंबरीण," मागून म्हातारी ओरडली, "वर धर की जरा!"

मी वर धरलं.